राहून गेलेला नाच

पुसेगावच्या सरितानं बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा तिची मुलगी चौथीत होती. बारावी होताच कुरुंद्याहून लग्न होऊन ती पुसेगावात आली आणि पुढची वर्षं घरात, रानात आणि बचत गटाच्या बैठकांत गेली. गटाची सचिव तीच. बैठकीत काय ठरलं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तिचं, कारण तिचा आवाज खणखणीत आणि वाचताना ती अडखळत नसे. तालुक्याला गटांच्या कामासाठी बाया घेणार आहेत असं कळलं म्हणून ती चौकशीला गेली, तर तिथं पदवी मागितली. नवरा प्रमोद पुसेगावच्या स्टँडजवळ विहिरीच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करून, म्हणजे तार नव्यानं गुंडाळून देतो. तो म्हणाला, "शिक मंग. रोज हिंगोलीला जाणं-येणं झेपंल का तेवढं पाह्य."

झेपेल की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण ती गेली.

प्रवेशाच्या खिडकीवर मुख्य विषय कोणता, दुय्यम कोणता, हे सगळं सांगून झाल्यावर आतल्या क्लार्कनं विचारलं, "आणि को-करिक्युलर?"

"ते काय असतं?"

"एनसीसी, एनएसएस, खेळ नाहीतर सांस्कृतिक. एक घ्यावंच लागतं. त्याचे दोन क्रेडिट आहेत. ते नसतील तर सेमिस्टर पुरं होत नाही."

एनसीसीचं वय गेलेलं. एनएसएसला दुसऱ्या गावात मुक्कामाचं शिबिर, म्हणजे मुलीला सोडून राहावं लागणार. खेळाचं नाव ऐकून ती नुसतीच हसली. उरलं सांस्कृतिक. त्यात काय करावं लागतं असं विचारलं, तर क्लार्क म्हणाला, "ते सर सांगतील," आणि त्यानं मागच्या मुलाला पुढं बोलावलं.

घरी गेल्यावर सासूनं, जनकाबाईनं विचारलं, "क्रेडिट म्हंजी मार्क का?"

"मार्क न्हाई आत्याबाई. मार्क येगळे."

"मंग काय?"

सरितानं मोबाईल प्रमोदपुढं केला. प्रमोदनं तिच्या मोबाईलवरचा मेसेज वाचला. त्यात श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्याच, बँकेत तिचं खातं उघडल्याचं लिहिलं होतं. तो बराच वेळ स्क्रीन वरखाली सरकवत राहिला. "खातं हाय, नंबर हाय," तो म्हणाला, "पण आत काय जमा व्हतंय ते कुठंच लिहिलं न्हाई."

सांस्कृतिकचे सर म्हणजे हरीश सर. मराठी शिकवायचे, तासिका तत्त्वावर. स्वतः नाटकं लिहायचे आणि बोलता बोलता केसांतून हात फिरवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. बहुतेक पोरंपोरी अठरा-एकोणीस वर्षांची. सरिता मागच्या खुर्चीवर बसली, तर एका पोरानं तिला कुणाची तरी आई समजून "काकू, पालकांनी बाहेर थांबायचंय" असं सांगितलं. तो रत्नपाल. पुढं नाटकात सगळ्यात जास्त बोलणं त्याचंच होतं.

हरीश सर म्हणाले, "यंदापासून नाटक आणि नाच हा छंद राहिला नाही. अभ्यासक्रमात आलाय. जो प्रॉडक्शनमध्ये काम करेल त्याला क्रेडिट मिळणार. बोलणारा, नाचणारा, पडदा ओढणारा, सगळ्यांना."

सरितानं हात वर केला. "सर, पडदा ओढणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला सारखंच?"

सरांनी केसांतून हात फिरवला. "सारखंच असावं. मी रविंद्र सरांना विचारून सांगतो."

रविंद्र सर कॉलेजात नव्या धोरणाचं बघायचे. ते बऱ्याच प्रशिक्षणांना जाऊन आले होते आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना थोडं वेगळं सांगितलं गेलं होतं. त्यांनी हरीश सरांना कळवलं की तासांचा हिशेब आणि सादरीकरणातला सहभाग, दोन्ही पाहिजे. सहभाग म्हणजे नेमकं काय, ते नंतर कळवतो म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही.

युवक महोत्सवाच्या स्पर्धेसाठी घेतलेलं नाटक हरीश सरांनीच लिहिलेलं. एका फाट्यावर चारदोन माणसं एसटीची वाट बघत बसलेली असतात. तिथं एक चहावाला असतो. एक म्हातारा येऊन घटकेघटकेला त्याला विचारतो, "गाडी गेली का यायचीय?" दर वेळी चहावाला वेगळं उत्तर देतो. कधी म्हणतो आत्ताच गेली, कधी म्हणतो बसा, येईल. एवढंच नाटक. सरिताला पहिल्यांदा वाचताना वाटलं की पानं उलटसुलट लागली असावीत, कारण तोच प्रश्न परत परत येत होता. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तसंच आहे ते. वाट पाहणं तसंच असतं."

नाटकाच्या मध्यावर राणीचा नाच होता. राणी साखऱ्याची, हिंगोलीला वसतिगृहात राहून शिकणारी, बारीक अंगाची आणि कमी बोलणारी. नाटकात ती मैत्रिणीच्या लग्नाला निघालेली पोरगी. गाडी येत नाही. लांबच्या गावात वरात निघते, हलगीचा आवाज वाऱ्यावर येतो आणि ती तिथंच, फाट्यावरच नाचायला लागते. नाच तिनं स्वतःच बसवला होता. गावात जयंतीच्या कार्यक्रमात ती नाचायची, तेवढंच तिचं शिक्षण. पण हलगी सुरू झाली की ती आधी बसल्याजागी नुसती मान हलवायची, मग खांदा, मग हातातली पिशवी खाली ठेवायची. पाय सगळ्यात शेवटी उचलायची. सरिता ते रोज बघायची आणि रोज तिला वाटायचं, आता ही उठणार नाही, बसूनच राहणार. आणि मग ती उठायची.

सरिताला आधी कपड्यांचं काम दिलं. मग ते दुसऱ्या पोरीकडे गेलं आणि तिला सामान मांडायला सांगितलं. मग हरीश सरांनी एकदा तिला मोठ्यानं वाचताना ऐकलं आणि प्रॉम्प्टर केलं. म्हणजे विंगेत, पडद्याच्या आडोशाला, संहिता घेऊन उभं राहायचं आणि कुणी अडकलं की पुढचं वाक्य हळूच सांगायचं.

"हळूच म्हणजे एकदम हळू," सर म्हणाले. "परीक्षकांना ऐकू गेलं तर गुण जातात."

"आणि त्याला ऐकूच गेलं न्हाई तर?"

"तेवढं ऐकू जायलाच पाहिजे."

खणखणीत आवाजामुळे जे काम मिळालं, त्यात आवाजच काढायचा नव्हता. जीपमध्ये घरी जाताना ती पुटपुटत सराव करायची. शेजारच्या बायांना वाटायचं, कसली तरी पोथी म्हणते.

युवक महोत्सवाची जिल्ह्याची फेरी वसमतकडच्या एका कॉलेजात होती. मंडप मोठा होता, पण विंग म्हणून दोन्ही बाजूंना नुसतं कापड बांधलेलं. उकडत होतं म्हणून सरिताच्या बाजूला कुणीतरी उभा पंखा आणून ठेवला. समोरच्या विंगेत राणी नऊवारी नेसून, घुंगरू बांधून, हातात पिशवी घेऊन तयार. तिच्यामागं हलगीची दोन पोरं. सरितानं तिला हातानंच विचारलं, भीती वाटते का. राणीनं मान हलवली. व्हय का न्हाई, ते सरिताला एवढ्या लांबून समजलं नाही.

नाटक चांगलं चाललं होतं. लोक हसत होते, जिथं हसायला पाहिजे तिथंच. मग म्हाताऱ्यानं परत विचारलं, "गाडी गेली का यायचीय?" आणि रत्नपाल गप्प.

इथं चहावाल्यानं म्हणायचं होतं, "बसा, येईल." त्यावर हलगी सुरू व्हायची आणि राणी येऊन फाट्यावर बसायची, मग नाच. रत्नपाल किटलीकडं बघत उभा राहिला. सरितानं संहितेत पाहिलं, म्हाताऱ्याचा प्रश्न दिसला, त्याखालचं वाक्य दिसलं आणि ती हळूच म्हणाली, "आता कुठली गाडी, अंधार पडला."

रत्नपालनं ते मोठ्यानं म्हटलं.

ते नाच झाल्यानंतरच्या प्रवेशातलं वाक्य होतं. अंधार शब्द ऐकून दिव्यावरच्या पोरानं दिवे मंद केले, कारण त्याला तेवढंच पाठ होतं. म्हातारा क्षणभर गांगरला, पण त्यानं पुढचं वाक्य धरलं आणि नाटक शेवटाकडे चालू लागलं. समोरच्या विंगेत हलगीवाल्यांच्या टिपऱ्या हवेतच थांबल्या. राणीनं एक पाऊल स्टेजवर टाकलं होतं. घुंगरू एकदा वाजले. तिनं रत्नपालकडं पाहिलं, दिव्यांकडं पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं.

पडदा पडला तशी सरिता तिच्याकडं धावली. राणी पिशवी छातीशी धरून तशीच उभी होती.

"माझा नाच झाला का?" तिनं विचारलं.

प्रश्न इतका विचित्र होता की सरिताला वाटलं, पोरीला धक्का बसलाय. "न्हाई गं," ती म्हणाली. "राहून गेला."

चूक कुणाची, यावर तिथंच बोलणं सुरू झालं. रत्नपालचं म्हणणं, "ताई, तुमी सांगितलं ते मी म्हणलं." काकूवरून ताईवर तो तोवर आला होता. सरिताला आठवत होतं की तिनं सांगितलं. पण तिला हेही आठवत होतं की तिच्या तोंडून शब्द निघण्याआधी रत्नपालचे ओठ हलले होते, आणि ते "आ"साठी उघडले होते, "ब"साठी मिटले नव्हते. मग तिनं त्याचे ओठ बघून तेच वाक्य शोधलं? का पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं? का तिनंच दोन पानं एकदम उलटली? तिनं डोळे मिटून परत परत बघितलं. एकदा ओठ आधी हलायचे, एकदा पान.

"तू ओठ हलवले व्हते ना?" तिनं रत्नपालला विचारलं.

"हलवले असतील. घाबरलो व्हतो. पण काय म्हणायचं ते मला म्हाईतच नव्हतं."

तो खोटं बोलत नव्हता. तीही नाही. मग झालं कसं?

दुपारनंतर निकाल लागला. नाटकाला दुसरं बक्षीस. परीक्षकांपैकी एका बाईंनी माईकवर येऊन सांगितलं की या नाटकातली एक गोष्ट त्या विसरणार नाहीत. सगळे फाट्यावर थांबलेत, अंधार पडत जातो आणि तेवढ्यात कुठूनतरी एक घुंगरू बांधलेलं पाऊल येतं आणि मागं जातं. ती मुलगी येतच नाही. "जे दाखवलं नाही त्यातच सगळं होतं," त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. हरीश सरांनी केसांतून दोन्ही हात फिरवले. सगळ्यांनी राणीकडं पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पण रडतही नव्हती.

परतीच्या गाडीत सरिता तिच्याशेजारी बसली. कुरुंद्याचा फाटा गेला, तिचं माहेर मागं पडलं, तरी तिचं लक्ष गेलं नाही. शेवटी ती म्हणाली, "राणी, मला माफ कर म्हणावं का न्हाई, तेच समजंना."

"काहून?"

"चूक माझी असंल तर म्हणते. पण तुझ्या पावलाला तर बक्षीस मिळालं."

राणीनं खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "ताई, ते पाऊल मी टाकलं न्हाई. ते चुकून पडलं."

दुसऱ्या आठवड्यात क्रेडिटचा प्रश्न आला. सादरीकरणात सहभाग कुणाकुणाचा, ते हरीश सरांनी रविंद्र सरांना कळवायचं होतं. सरितानं ऐकलं की तिचं नाव तांत्रिक बाजूत लागलंय, पण राणीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. ती सरळ रविंद्र सरांच्या खोलीत गेली. हरीश सर तिथंच होते.

"राणी स्टेजवर आली नाही, हे तर खरं," रविंद्र सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तालीम केली, तास भरले. पण नियमात सादरीकरण म्हटलंय."

"सर, ती माझ्यामुळं आली न्हाई. म्हणजे बहुतेक माझ्यामुळं. माझे क्रेडिट तिला देता येतील का?"

"असं देता येत नाहीत. ते तुमच्या खात्यावर आहेत."

"खात्यावरचं देता येत न्हाई, तर मग खातं कशाला म्हणायचं?"

यावर रविंद्र सरांनी हरीश सरांकडं पाहिलं. हरीश सर म्हणाले, "पण तिचं पाऊल आलं ना. परीक्षकांनी त्याचाच उल्लेख केला."

"पाऊल म्हणजे सहभाग धरायचा का?" रविंद्र सर म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी सायकल लावत होतं, तिचा आवाज आत येत राहिला.

शेवटी हरीश सरांना सुचलं. बक्षिसामुळं नाटक विद्यापीठाच्या फेरीला जाणार होतं. तिथं ते नाचाशिवायच करायचं, जसं झालं तसंच. आणि ठरवून, त्याच जागी, राणीनं एक पाऊल टाकायचं आणि मागं घ्यायचं. म्हणजे ती भूमिकाच झाली. सहभाग झाला.

रविंद्र सरांना ते पटलं. सरिताला ते चांगलं का वाईट हेच समजेना. राणीला सांगायला तीच गेली, कारण सरांना वाटलं तिनं सांगितलेलं बरं.

राणी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून घुंगरांच्या पट्ट्या धूत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "नुसतं पाऊल?"

"व्हय."

"उजवं का डावं?"

"ते मी विचारलं न्हाई."

"त्या दिवशी कोणतं व्हतं?"

सरिताला आठवेना. राणीलाही आठवत नव्हतं. मग दोघी तिथंच उठून उभ्या राहिल्या. राणीनं आधी उजवं टाकून पाहिलं, मग डावं, आणि दोन्ही तितकीच खोटी वाटली. राणी हसायला लागली. तिला असं हसताना सरितानं पहिल्यांदाच पाहिलं आणि तिलाही हसू आलं. पण हसणं थांबल्यावर राणी म्हणाली, "मी करीन. क्रेडिट पायजेच ना. पण ताई, मी एवढे दिवस पाऊल शिकत नव्हते."

विद्यापीठाच्या फेरीला ते नाटक पडलं. कुणी चुकलं नाही. रत्नपाल अडकला नाही. सरिता संहिता दोन्ही हातांनी घट्ट धरून होती, पण तिला एकदाही बोलावं लागलं नाही. दिवे मंद झाले, राणीनं उजवं पाऊल टाकलं, घुंगरू वाजले, पाऊल मागं गेलं. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "अरे, एंट्री चुकली," आणि आजूबाजूचे हसले. बक्षिसांत नाव आलं नाही. हरीश सर बसमध्ये म्हणत राहिले की सगळं तेच होतं, मग काय बदललं. सरितानं खूप विचार केला. तिथं चुकलं तेव्हा ते बरोबर वाटलं आणि इथं बरोबर केलं तर चुकल्यासारखं वाटलं. तिनं हे प्रमोदला सांगितलं, तर तो म्हणाला, "मोटारीत असं व्हत न्हाई. उलटं गुंडाळलं तर जळतीच." थोड्या वेळानं तोच परत म्हणाला, "पण कवाकवा जळत न्हाई बी. का ते समजत न्हाई."

सेमिस्टर संपलं. सरिताचे दोन क्रेडिट लागले, राणीचेही लागले. मोबाईलवर दिसले. पावलाचे म्हणून वेगळं काही लिहिलेलं नव्हतं.

नंतर कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. राणी एक दिवस सरिताला हॉलच्या दारात गाठून म्हणाली, "मला तो नाच करायचाय."

सरिताला वाटलं, परत काहीतरी क्रेडिटचं असेल. ती विचारूनही आली. रविंद्र सर म्हणाले, "तिचे या वर्षाचे सांस्कृतिकचे लागलेत. आता केलं तरी जादा काही मिळायचं नाही." तिनं ते राणीला सांगितलं.

"म्हाईत हाय मला," राणी म्हणाली. "पण एकटीनं व्हत न्हाई. मी करून पाहिला. तिथं वाट बघणारं कोणी नसलं तर ती पोरगी नाचती कशाला, तेच समजत न्हाई. तुमी बसा."

"मी?"

"बोलायचं काहीच न्हाई. पिशवी घेऊन बसायचं. गाडीची वाट बघायची."

"मी विंगेतली बाई, राणी. मला स्टेजवर कुठं बसवते."

"रोज तर बसता जीपसाठी फाट्यावर. तसंच."

सरितानं नाही म्हणायचं ठरवलं होतं. घरी जाऊन तिनं जनकाबाईला ते सांगितलं, तेव्हा सासू म्हणाली, "मी येते पाह्यला," आणि मग नाही म्हणायची सोय राहिली नाही.

कार्यक्रमात त्यांना सकाळची जागा मिळाली, जेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि पोरं अजून नाश्त्याच्या रांगेत असतात. हलगीच्या दोघांपैकी एकच आला. दुसऱ्याचा फोन लागत नव्हता. हरीश सर पुढच्या रांगेत बसले. जनकाबाई त्यांच्या मागं, पदर डोक्यावर घेऊन, हातात पाण्याची बाटली.

सरिता स्टेजच्या एका कडेला लोखंडी पेटीवर जाऊन बसली. मांडीवर पिशवी. लोकांकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण मग बघायचं कुठं हे ठरवलं नव्हतं. ती दाराकडं बघत बसली. एका पोरानं मागून शीळ घातली. ती ऐकून तिचे कान तापले.

हलगी सुरू झाली. दुसऱ्या कडेला बसलेल्या राणीची मान हलली, मग खांदा. पिशवी खाली ठेवली गेली. आणि पाय उचलला गेला. एकच हलगी असल्यामुळं ताल विरळ वाटत होता, मध्ये मध्ये जागा पडत होत्या, आणि राणी त्या जागांमध्ये थांबत होती, तालमीत कधी थांबली नव्हती तशी. सरिता दाराकडं बघायचं विसरली. आता ती राणीकडंच बघत होती. मागची शीळ केव्हा बंद झाली हेही तिला नंतर आठवलं नाही.

मग मध्येच राणी थांबली. चालत आली आणि सरिताशेजारी पेटीवर बसली. हलगीवाला वाजवतच राहिला, पण त्याची नजर सरिताकडं होती, आता काय म्हणून.

राणी विसरली असेल तर तिला आठवण करून द्यायला पाहिजे. तेच तर तिचं काम. पण नाचातलं पुढचं कसं सांगायचं? त्याला वाक्य नव्हतं. तिनं ओठ उघडले आणि मिटले. राणीचा श्वास तिला ऐकू येत होता. घामाचा आणि पावडरीचा वास येत होता. सरितानं काय केलं, तर मांडीवरची पिशवी जरा बाजूला सरकवली, बाई जीपमध्ये शेजारणीला जागा करून देते तशी. राणी नीट टेकून बसली. दोघी तशाच बसून राहिल्या, हलगी वाजत राहिली, खुर्च्यांमध्ये कुणी हललं नाही. मग राणी उठली आणि उरलेला नाच तिनं पुरा केला.

टाळ्या बेताच्याच पडल्या. माणसंच बेताची होती. हरीश सर मागं आले आणि काहीतरी बोलायला लागले, मग थांबले आणि "बरं झालं" एवढंच म्हणाले. ते नाच बरा झाला म्हणाले का होऊन गेला ते बरं झालं म्हणाले, ते दोघींनाही समजलं नाही.

"तू विसरलीस का मधी?" सरितानं विचारलं.

"न्हाई," राणी घुंगरू सोडत म्हणाली. "दमले व्हते. आन तुमी तिथं बसलेल्याच व्हत्या."

जीपची वाट बघताना जनकाबाईनं सुनेला विचारलं, "तुझं काम कोणतं व्हतं त्यात?"

"बसायचं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"आन त्याचं ते मिळणार, काय म्हणतात ते?"

"न्हाई आत्याबाई. ते आधीच मिळालं. याचं काहीच न्हाई."

"मंग आज काहून बसलीस?"

सरितानं उत्तर शोधलं. राणीसाठी म्हणावं, तर राणीनं नुसतं बस म्हटलं होतं, ती आणखी कुणालाही म्हणू शकली असती. चुकीची भरपाई म्हणावं, तर चूक झाली होती का हेच अजून ठरलं नव्हतं. "समजंना," ती म्हणाली.

जनकाबाईनं बाटलीतलं उरलेलं पाणी तिला दिलं. "पोरगी उठंल का न्हाई, मला भ्या वाटलं व्हतं," ती म्हणाली. "तू मातर शांत बसली व्हतीस. तुला म्हाईत व्हतं वाटतं."

सरिताला काहीच माहीत नव्हतं. पण तिनं तसं सांगितलं नाही.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. राणीनं यंदा एनएसएस घेतलं. नाच सोडला नाही, पण तो कॉलेजच्या हाती द्यायचा नाही असं तिनं ठरवलंय. रविंद्र सर बदलून गेले आणि नव्या सरांचे नियम पुन्हा वेगळे आहेत. खिडकीवर त्याच क्लार्कनं सरिताला विचारलं, को-करिक्युलर कोणतं. मुलगी आता पाचवीत होती, आजीजवळ राहिली असती, शिबिराला जायला हरकत नव्हती. मागं रांग होती. सरिता थोडी थांबली आणि सांस्कृतिक म्हणाली. प्रमोदनं घरी आल्यावर का म्हणून विचारलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं काठवटीतलं पीठ सारखं केलं, पुढचा गोळा घेतला, आणि हरीश सरांचं नवं नाटक सोमवारपासून आहे, तेव्हा यायला उशीर होईल, एवढं सांगितलं.